राणीचा महाल आणि घरचा पाटा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक पाथरवट राहत होता. हात मोठा कसबी. त्याने घडवलेलं जातं इतकं हलकं फिरायचं की दळणारी बाई दोन ओव्या जास्तच म्हणायची. पंचक्रोशीतल्या बायका पाट्याला टाकी लावून घ्यायला त्याच्याकडेच यायच्या. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही. मग पाथरवट छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडतो, त्याला म्हणतात टाकी लावणं.

साऱ्या गावाच्या पाट्यांना टाकी लागायची. एक पाटा तेवढा राहून जायचा, आणि तो होता पाथरवटाच्या स्वतःच्या घरातला.

"अहो, आज तरी माझ्या पाट्याचं बघा," त्याची बायको म्हणायची. "मिरची वाटायला घेतली की ती घसरगुंडी खेळते नुसती!"

"उद्या नक्की!" पाथरवट म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा. बायकोवर त्याचा फार जीव होता. पण उद्या उजाडला की कुणीतरी जातं घेऊन दारात हजर. उद्या उद्या करता सात वर्षं गेली. बिचारीला चटणी वाटायला शेजारणीकडे जावं लागायचं, आणि शेजारीण दर खेपेला विचारायची, "काय गं, लग्न पाथरवटाशी केलंस की शिंप्याशी?"

त्या राज्याच्या राजाने आपल्या लाडक्या राणीच्या आठवणीत संगमरवरी महाल बांधला होता. लांबलांबून लोक तो बघायला यायचे. एका वर्षी सुगी उरकल्यावर पाथरवट बायकोला म्हणाला, "चल, तुला महाल दाखवतो." बायको हरखून गेली. तिने दशम्या बांधल्या, शेजारणीकडे जाऊन चटणी वाटून आणली, आणि दोघं तीन दिवस चालत महालापाशी पोचली.

महाल बघून पाथरवटाने तोंडात बोट घातलं. बाकीचे लोक घुमट बघत होते, हा मात्र भिंतीवरून हात फिरवत होता. "बघ बघ, दोन दगडांच्या मध्ये नख शिरत नाही!" आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. "राजाचं राणीवर केवढं प्रेम! आणि मी तुझ्यासाठी काय केलं गं?"

"आता विषय काढलाच आहे तर सांगते..." बायकोने तोंड उघडलं.

पण पाथरवटाने कमरेची मापाची दोरी काढलीसुद्धा होती. तिचं एक टोक त्याने बायकोच्या डोक्यावर धरलं आणि दुसरं पायापाशी नेलं.

"अहो, लोक बघताहेत! मापं कसली घेताय?"

"तुझ्या स्मारकाची."

"अगंबाई! पण मी अजून जिवंत आहे!"

"म्हणून तर घाई करायला हवी. माझं पडलं एकट्याचं काम, पंधरा वर्षं तरी लागतील. खाली अष्टकोनी चौथरा, वर छत्री, चारी बाजूंना कमळं. उद्यापासून दुसरं काम हातात घ्यायचंच नाही!"

बायको हसून हसून खाली बसली. मग हळूच म्हणाली, "आणि माझा पाटा?"

"पाट्याचं काय घेऊन बसलीस! इथे मी तुला अजरामर करायला निघालोय."

तिचं हसू मावळलं. ती उठली आणि महालाच्या आत गेली. पाथरवट दोरीला गाठ मारत मागोमाग गेला.

आतल्या दालनात राणीच्या वस्तू मांडल्या होत्या. शालू, पानदान, वीणा. शेवटी शेजारी शेजारी दोन चंदनी पाट होते. राणीची म्हातारी दासी त्यांच्यावरची धूळ पुसत होती. पाथरवट वाकून बघू लागला. कुठली वस्तू किती वापरली हे झिजेवरून ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. एक पाट मध्यभागी झिजून खोलगट झाला होता. दुसऱ्याची नक्षी मात्र कालच कोरल्यासारखी कोरी करकरीत होती.

"आजी, हा दुसरा पाट नवा आणलाय का?"

"नाही रे बाबा. दोन्ही राणीसाहेबांच्या लग्नातले. तो दुसरा महाराजांचा. राणीसाहेब रोज दुपारी दोन्ही पाट मांडायच्या. आज माझ्याजवळ बसून जेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. महाराज म्हणायचे, उद्या नक्की. त्यांचा जीव होता हो राणीसाहेबांवर, खोटं कशाला बोलू? पण कधी मोहीम, कधी दरबार."

"आणि आता?"

"आता महाराज रोज दुपारी न चुकता येतात. या दोन पाटांकडे बघत उभे राहतात आणि जातात."

'उद्या नक्की' हे शब्द पाथरवटाच्या ओळखीचे होते. त्याला स्वतःचीच लाज वाटली. बाहेर येऊन त्याने दोरीची गाठ सोडली, तिची गुंडाळी करून पिशवीत टाकली आणि बायकोला म्हणाला, "चल, आधी बाग बघू. मग झाडाखाली बसून दशमी खाऊ. आणि मग घरी."

दोघं घरी आली तर दारात तीन जाती आणि पाटलांचा कारभारी वाट बघत बसलेला. "कुठे होतास? पाटलांकडे लग्न आहे, आत्ताच्या आत्ता जात्यांना टाकी लाव!"

पाथरवट क्षणभर घुटमळला. पाटलांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. मग तो आत गेला आणि घरचा पाटा उचलून अंगणात घेऊन आला. "लावतो, कारभारी. पण आज पहिली टाकी घरच्या पाट्याला."

"आणि मी तोवर काय करू?"

"बसा. चटणी खाऊनच जा."

अंगणात टकटक सुरू झाली. बायको चुलीपुढचं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. टाकी लावून झाली तशी तिने मिरची, लसूण, खोबरं घेऊन चटणी वाटली. मिरची एकदाही घसरली नाही. पाथरवटाने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"फार तिखट झाली का?" बायकोने विचारलं.

"नाही गं. उशीर फार झाला." तो म्हणाला.

"झाला खरा. पण मी आहे ना अजून!" बायको हसली आणि तिने त्याच्या ताटात आणखी चटणी वाढली. कारभारी तर जाती विसरून तिसरी भाकरी मागत होता.

पाथरवटाने स्मारक काही बांधलं नाही. त्या मापाच्या दोरीवर बायको लुगडी वाळत घालू लागली. आणि शेजारीण? ती आता चटणी वाटायला पाथरवटाच्या घरी येऊ लागली.

तात्पर्य: आपल्या माणसासाठी जे करायचं ते त्याच्या हयातीत करावं, मागून उभारलेल्या महालात त्याला राहता येत नाही.