खडखडोबाच्या पोटात कणू

एक होता माळ. माळभर कापलेलं गवत. माळाच्या कडेला एक मांडव. मांडवात होता खडखडोबा.

खडखडोबा म्हणजे कोण? गवताच्या गाठी, म्हणजे चौकोनी गठ्ठे, बांधायचं यंत्र! फार फार जुनं. अंगभर गंज. एका कुशीला मोठ्ठं लोखंडी चाक. सुरू झालं की सगळा माळ दणाणायचा. खडाड् खड्! खडाड् खड्!

पण पावसाळाभर खडखडोबा नुसता झोपून होता. म्हणून त्याच्या डोक्यावर टिकली उंदरीने घर केलं. टिकली एवढीशी. तिचं बाळ कणू, तिच्याहून एवढंसं. कणूचं अंथरूण मऊ मऊ, पिवळ्या पिवळ्या दोऱ्याचं.

एके दिवशी सकाळी कणू उठला. काठावर आला. खाली वाकून बघायला लागला. आणि पाय सटकला!

घस्स... टप्प!

कणू गेला खडखडोबाच्या पोटात.

"आई! चूं चूं!"

आत लोखंड गुळगुळीत. कणूला वर चढता येईना. बाहेर यायला फट एकच. त्या फटीपुढे चाक आडवं!

आणि आजच खडखडोबा सुरू होणार होता.

कधी होणार? गवत वाळलं की. गवत बघायला बारक्यामामा माळाच्या पार टोकाला गेला होता. तिथे हाक पोचत नाही. मामा गवताची काडी घ्यायचा. पिळायचा. काडी वाकली, तर गवत ओलं. काडी कट् मोडली, तर गवत वाळलं. मग ट्रॅक्टर सुरू. मग चाक गरागरा. मग कणूचं काय होणार?



मामाने काडी पिळली. काडी वाकली. गवत ओलं.

पळ टिकली, पळ!

टिकली गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकोबा, चाकोबा, हळूच फिरा.
कणू सुटत नाही!
काडी कट् मोडली तर?"

चाक म्हणालं, "करर्र! मी नाही फिरणार. माझे सांधे गंजले. झारी वाकली, तेल मिळालं, तर फिरेन."

टिकली गेली तेलाच्या झारीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. झारी बसली होती फळीवर, नाक वर करून.

"झारीताई, झारीताई, जरा वाका.
चाक फिरत नाही,
कणू सुटत नाही!
काडी कट् मोडली तर?"

झारी म्हणाली, "डुबुक! मी नाही वाकणार. आपली आपण कधी झारी वाकते का? हौसामावशी आली, तिने उचललं, तर वाकेन."

मामाने काडी पिळली. काडी वाकली. पण जरा कुरकुरली.

पळ टिकली, पळ!

टिकली गेली हौसामावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. हौसामावशी म्हणजे बारक्यामामाची मोठी बहीण. खडखडोबा तिचाच. मावशी होती घरात. दाराच्या फटीतून टिकली आत शिरली.

"हौसामावशी, हौसामावशी, लवकर या.
झारी वाकत नाही,
चाक फिरत नाही,
कणू सुटत नाही!
काडी कट् मोडली तर?"

"अगं बाय माझे!" मावशी म्हणाली. "तुझं लेकरू आत हाय? पन मी येऊ कशी? वासरू दारातच आडवं बसलंय. ढकललं तरी हलत नाय. वासरू उठलं, तर येते बघ."

टिकली पुन्हा फटीतून बाहेर. दारात वासरू बसलं होतं. बसलं होतं म्हणजे काय, ऐसपैस पसरलं होतं!

"वासरूदादा, वासरूदादा, झटकन उठा.
मावशी येत नाही,
झारी वाकत नाही,
चाक फिरत नाही,
कणू सुटत नाही!
काडी कट् मोडली तर?"

वासरू म्हणालं, "हम्मा! मी नाही उठणार. उठू तरी कसा? पायात सुतळी गुंतली. सुतळी सुटली, तर उठेन."

मामाने काडी पिळली. काडी वाकली... वाकली... आणि अर्धी मोडली.

अर्धीच! पळ टिकली, पळ!

मांडवातून बारीक आवाज आला. "आई... चूं..."

"आले रे राजा! आलेच!" टिकली म्हणाली. तिला रडू येत होतं. पण रडायला वेळ कुठे होता?

टिकली गेली सुतळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. दाराशी टोपली. टोपलीत सुतळीचा मोठा गुंडा. त्याच सुतळीने खडखडोबा गाठी बांधायचा.

"सुतळीबाई, सुतळीबाई, सैल सुटा.
वासरू उठत नाही,
मावशी येत नाही,
झारी वाकत नाही,
चाक फिरत नाही,
कणू सुटत नाही!
काडी कट् मोडली तर?"

सुतळी म्हणाली, "आई गं! मी नाही सुटणार. मला ताण बसलाय. माझं टोक कुणीतरी ओढून नेलं. कुठे नेलं, काय केलं, देव जाणे. टोक सुटलं, तर सुटेन."

"कुणी नेलं तुमचं टोक?" टिकली रागावली. "असं कुणी करतं का? थांबा, मी बघतेच त्याला!"

टिकली निघाली सुतळीवरून. तुरुतुरु, तुरुतुरु.

सुतळी गेली वासराच्या पायांतून. टिकली पण गेली.

सुतळी गेली अंगणातून. टिकली पण गेली.

सुतळी गेली मांडवाच्या खांबावरून. टिकली पण गेली.

सुतळी चढली वर. वर. आणखी वर. खडखडोबाच्या डोक्यावर. टिकली पण चढली.

सुतळी शिरली एका घरात.

टिकली थांबली.

ते घर कुणाचं? टिकलीचं!

सुतळीचं टोक कुठे? कणूच्या अंथरुणात! मऊ मऊ, पिवळ्या पिवळ्या. टिकलीनेच ओढून आणलं होतं. टिकलीनेच गोल गोल गुंडाळलं होतं. आणि पार विसरून गेली होती!

"अगं बाई! मीच की ती!"

एकच तर अंथरूण होतं. कणूच्या अंगाचा वास होता त्याला. टिकलीने ते एकदा हुंगलं. मग म्हणाली, "अंथरूण गेलं तर गेलं. मला माझा कणू हवा."

तिने टोक दातात धरलं. ओढलं. सोडलं. गोल गोल उलगडलं. आणि दिलं खाली टाकून!

तेवढ्यात माळाच्या टोकाला मामाने काडी पिळली.

कट्!

"वाळलं गं आक्का, वाळलं!" मामा ओरडला. आणि पळत सुटला ट्रॅक्टरकडे. धप् धप् धप् धप्!

आता?

टोक सुटलं. सुर्र!

सुतळी सुटली. सळसळ सळसळ!

वासरू उठलं. हम्मा!

मावशी आली. तिने पदर खोचला आणि धावत सुटली. झपझप झपझप!

मामा चढला ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर खडखडोबाला जोडलेलाच होता. मामाने किल्ली लावली.

"थांब रे बारक्या!" मावशी ओरडली. "किल्ली काढ! आधी हाताने एक फेरा!"

"आज राहू दे ना आक्का. उशीर झालाय."

"राहू दे कसं? जुनं यंत्र हाय ते. आधी हात, मग इंजिन! इसरलास का? आन् आत लेकरू हाय उंदरीचं!"

"लेकरू?" मामा दचकला. त्याने पटकन किल्ली काढली. किल्ली खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसला.

मावशीने झारी उचलली. झारी वाकली. टिप्!

चाक म्हणालं, "करर्र..." आणि अडलं.

टिप्! टिप्!

मावशीने दोन्ही हातांनी चाक धरलं. हळू. अगदी हळू. चाक फिरलं. इतकुसं. आणखी इतकुसं.

फट दिसली. एवढीशी.

कणूही एवढासाच की!

आधी मिशा आल्या. मग नाक आलं. मग दोन कान आले. मग अख्खा कणू आला, तेलाने माखलेला!

"आई!"

टिकलीने त्याला घट्ट धरलं. चाटलं, पुसलं, पुन्हा धरलं. किती वेळ सोडलंच नाही.

मावशीने खडखडोबाच्या पोटात वाकून बघितलं. या कोपऱ्यात बघितलं, त्या कोपऱ्यात बघितलं. कुणी नाही. मग सुतळी ओवली. मग म्हणाली, "हां बारक्या, आता लाव किल्ली."

धड् धड् धड्! खडाड् खड्! खडाड् खड्!

चाक फिरलं. गवत आत गेलं. सुतळीने बांधलं. आणि धप्प! पहिली गाठ बाहेर पडली. चौकोनी चौकोनी, उन्हाचा वास येणारी.

टिकली मांडवाच्या खांबावर बसली होती. कणूला जवळ घेऊन. आता याला झोपवू कुठे? अंथरूण तर गाठीत गेलं!

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग पहिल्या गाठीतून गवत ओढलं. मूठभर. चांगलं मऊ मऊ. ते करवंटीत भरलं. करवंटी खांबाच्या खोबणीत बसवली, खडखडोबापासून लांब.

"घे गं बाय. पहिल्या गाठीची पहिली मूठ तुझी. तू टोक सोडलंस, म्हणून गाठ झाली."

कणूने करवंटीत उडी मारली. टुप्प! इकडे लोळला. तिकडे लोळला.

"आई," तो म्हणाला, "हे जास्त मऊ आहे."

आणि झोपला.

सुतळी सुटली, गाठ बसली,
करवंटीत टिकली हसली.
कणू झोपला गवतात उबदार,
आता तुम्हीही झोपा गुपचूप गार!