तीन, चार आणि सात

शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव म्हणजे बोलतील ते ब्रह्मवाक्य. एकदा ते सातवीच्या पोरींच्या वर्गात घुसले, फळ्यावर भला थोरला त्रिकोण काढला आणि बाजूंवर तीन, चार, सात असे आकडे टाकले. "सांगा क्षेत्रफळ!"

पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काहीच नाही? मग उद्यापासून पोरींचं गणित बंद. त्या तासाला शिवण शिकवा." गणिताच्या बाई बोलणार तोच दौलतरावांनी हात दाखवून त्यांना गप्प केलं.

शाळेत खिचडी शिजवणारी तानूबाई दारातून ऐकत होती. तिची सुगंधा त्याच वर्गात. पोरीच्या रोजच्या घोकण्यानं आईलाही त्रिकोणाचे नियम पाठ झाले होते. तानूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं खराट्याच्या काड्या मोडल्या, एक तीन बोटं, एक चार बोटं, एक सात बोटं, आणि टेबलावर आपटल्या.

"ह्यांचा त्रिकोण जुळवा, अध्यक्षसाहेब."

दौलतराव जुळवत बसले. टोकं जोडली की दोन्ही छोट्या काड्या तिसरीवर सपाट झोपत.

"घाम पुसा आता. दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या लागतात, बाईंनी कधीच शिकवलंय. तुमच्या त्रिकोणाच्या पोटात जागाच नाही, मग क्षेत्रफळ किती? काहीच नाही! पोरींचं उत्तर तुम्हीच मोठ्यानं सांगितलंत की. द्या आता पैकीच्या पैकी!"

वर्गात हसू फुटलं. अध्यक्षांनी चपला शोधल्या. शिवणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.