सातातली सहा लिंबं

आमच्या ब्लॉग-मेळ्यात दर रविवारी सगळे ऑनलाइन जमत, आपापल्या लेखाची लिंक टाकत आणि एकमेकांचं वाचत. एकदा मेळ्याचे प्रमुख घारपुरे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मंदाताई, माझ्या लेखांना चार हजार वाचक, आणि तुमच्या लोणच्याच्या लेखावर सातच अभिप्राय! पुढच्या वेळेपासून तुमची लिंक बंद."

"तुम्ही वाचलात का, सर?"

"अक्षरन् अक्षर! 'डोळे पाणावले' असं लिहिलंय की मी."

"लेखाच्या मधोमध मी म्हटलंय, इथवर वाचलंत तर अभिप्रायात फक्त 'लिंबू' लिहा. उरलेल्या सहाही जणांनी लिहिलंय. तुमच्या चार हजार वाचकांत किती लिंबं निघतील हो?"

मेळा हसून लोळला. मंदाताईंची लिंक राहिली.

पुढच्या रविवारी सरांनी झाडून सगळ्या चाळीस लेखांखाली इमानाने लिहिलं, "लिंबू."