लोखंडी थाळी

"मग अजून अडतंय कुठं, चाचा?"

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर चाचा चष्मा पुसत राहिले. समोर रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या लोखंडी थाळीवर अमीनाआपांची रेकॉर्ड ठेवलेली होती.

अमीनाआपा म्हणजे चाचांच्या थोरल्या बहीण. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांचं गाणं या एकाच मऊ रेकॉर्डवर उरलेलं, दुसरी प्रत जगात नाही. मिरजेच्या या दुकानाची रीत अशी, की शिष्याने घडवलेलं पहिलं कार्ट्रिज, म्हणजे सुई, चुंबक आणि तारेचं वेटोळं बसवलेली चिमुकली डबी, याच रेकॉर्डवर एकदा वाजवायचं. सुई नीट चालली, तर तो कारागीर. इतक्या वर्षांत तिघंच झाले होते.

चौथे आपणच, याबद्दल हेरंबला तिळमात्र शंका नव्हती.

"तुमच्या कार्ट्रिजमध्ये अल्निकोचं चुंबक, माझ्यात निओडिमियमचं," तो म्हणाला. "कितीतरी जोरदार! म्हणून तारेचे वेढे निम्म्यावर आणले. वेटोळं हलकं, म्हणून सुई चपळ. आपांची एकेक तान सुटी ऐकू येईल."

"सुईचा भार किती ठेवलास?"

"दोन ग्रॅम. काट्यावर तीनदा मोजलाय."

"कुठं मोजलास?"

"तिकडं, लाकडी टेबलावर."

"हं…"

नुसतं 'हं'. हेरंबला ते झोंबलं. चार वर्षं इथे सोल्डरिंगचा धूर खाल्ला तो एवढ्यासाठी?

"तुम्हाला नवीन काही नकोच असतं, चाचा. ऐकून तर बघा!"

त्याने थाळी सुरू केली, कार्ट्रिज बसवलेली दांडी उचलून रेकॉर्डवर आणली. सुई खाली सोडणार, तोच चाचांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"थांब जरा."

चाचांनी थाळी बंद केली. आपांची रेकॉर्ड काढून कुशीत धरली आणि थाळीवर एक घासून गेलेली रेकॉर्ड ठेवली.

"दांडीचं वजन मागं सरकव. भार शून्य कर."

हेरंबने केला. थाळीच्या बाहेर दांडी हवेत सरळ तरंगत राहिली.

"आता बोटानं हळूच आत ढकल."

त्याने ढकलली. रेकॉर्डच्या काठावर येताच दांडी थरथरली… खाली झुकली… आणि सुई खर्रकन टेकली. कुणी दाबलं नव्हतं.

हेरंब बघतच राहिला. रेकॉर्डखालचं लोखंड त्याच्या चुंबकाला ओढून घेत होतं. टेबलावरचे दोन ग्रॅम इथे किती झाले असते, कुणास ठाऊक. मघाशी चाचांनी मनगट धरलं नसतं, तर त्या सुईने आपांचा आवाज खरवडून काढला असता. चाचांकडे बघायची त्याला लाज वाटली.



पण चार वर्षांची आशा अशी सहज मरत नाही. तो पुटपुटलाच, "थाळी ॲल्युमिनियमची असती, तर मी आज कारागीर झालो असतो."

चाचांनी आपांची रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

"म्हणून तर थाळी बदलली नाही, बेटा."