खिडकीतला खिळा

“...आणि नक्की कुठे उभं राहायचं? खाली गावात म्हणाले, आश्रमात फोन लागतो.”

विश्वजित ढोमणे धापा टाकत होता. गाडी त्याने उतारावरच सोडली होती. उजव्या हातात दोन फोन, डाव्या हातात एक.

ओट्यावर आक्का तूर निवडत बसल्या होत्या. मेळघाटातल्या त्या टेकडीवर महानुभावांचा एक लहानसा आश्रम आहे. आक्का तिथे चाळीस वर्षं राहत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी पी आधी.”

“पाणी नको, आक्का. वेळ नाही. पावणेअकरा झालेत.”

तो अंगणभर फिरला. तुळशीपाशी थांबला, विहिरीच्या काठावर चढला, हात उंच करून तिन्ही फोन आभाळाला दाखवले. प्रत्येकावर सिग्नलच्या चारही दांड्या होत्या. त्याने एकेक करून तिन्ही लावले. काहीच नाही. बेलही नाही, कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाजही नाही.

“मोबाइल कंपनीचा माणूस का तू?” आक्कांनी विचारलं.

“नेटवर्क तपासणारा इंजिनिअर. सिग्नल किती, वेग किती, कॉल किती तुटतात, ते गाडीतून फिरून मोजतो. या सगळ्या पट्ट्याचं काम माझ्याकडे आहे.”

“आमच्या गावाचं काय लिहिलं?”

“समाधानकारक.” तो चटकन म्हणाला. “आणि ते बरोबरच आहे. दांड्या बघा. टॉवर चालू आहे. टॉवरच्या मागची केबल कुठे तरी तुटली असणार, रस्त्याचं खोदकाम चाललंय. फोनला ते कळत नाही. तो दांड्या दाखवत राहतो.”

“दांड्या भरपूर, न् बोलणं नाही.”

“तांत्रिक गोष्ट आहे, आक्का. तुम्हाला सांगून उपयोग नाही.”

आक्कांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“कोणाले लावतो?”

“बहिणीला. नागपूरला आहे, दवाखान्यात. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. साडेअकराला आत नेणार. वय शहात्तर. डॉक्टरांनी सांगितलंय, काहीही होऊ शकतं.” त्याने पुन्हा एक फोन लावून पाहिला. “सकाळी निघालो तेव्हा वाटेत तिचा फोन आला होता. पण आवाज तुटत होता.”

“तुटत होता.”

“हो. काही कळलंच नाही. मग कट झाला.”

“काय म्हणत होती?”

“म्हणत होती, दादा, बाबांना तुझ्याशी बोलायचंय, देते.”

“हे ऐकू आलं.”

“...हो. एवढं आलं.”

“मंग?”

“मग बाबा आले फोनवर. म्हणाले, विशू...”

“हेही ऐकू आलं.”



आक्का तूर निवडत राहिल्या. सुपात दाणे सरकल्याचा तेवढा आवाज.

तो ओट्याच्या कडेला बसला. म्हणाला, “मी हॅलो हॅलो म्हणालो. आवाज येत नाही बाबा, म्हणालो. आणि बटण दाबलं.”

“काहून?”

“त्यांनी विचारलं असतं.”

“काय?”

त्याने फोनच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा पन्नास.

“दोन वर्षांपूर्वी आई गेली. अचानक. दुपारी छातीत दुखायला लागलं. घरी ते दोघंच. मी तेव्हा पुण्यात, आमच्या वरिष्ठांपुढे उभा होतो. माझ्या विभागात कॉल सगळ्यात कमी तुटतात, हे पडद्यावर दाखवत होतो. खिशात फोन थरथरत होता. मी काढून पाहिला. बाबा. वाटलं, नेहमीसारखंच काही असेल. गॅस सिलिंडर, नाहीतर टीव्हीचं. पुन्हा खिशात ठेवला. पुन्हा थरथरला. चौदा वेळा.”

“आईले काही बोलायचं होतं?”

“तिला माझा आवाज ऐकायचा होता. नंतर कळलं. शेजारचे गाडी घेऊन येईपर्यंत ती शुद्धीत होती. माझंच नाव घेत होती. रात्री पोचलो तेव्हा बाबांना म्हणालो, तळघरातल्या हॉलमध्ये होतो, रेंज नव्हती.”

“न् ते?”

“हं म्हणाले. एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. पण घरी गेलो की नुसते बघत बसतात माझ्याकडे. म्हणून जाणंही कमी केलं. आज सकाळी त्यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता विचारतील. मरणाच्या दारात माणूस विचारतोच.”

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

“तू एवढं मोजतो. मले एक सांग. रेंज नसली, तर फोन लावणाऱ्याले काय ऐकू येते?”

“संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं ती बाई सांगते.”

“न् रेंज असून कोणी उचलला नाही, तर?”

“तर बेल ऐकू...”



त्याच्या हातातले तिन्ही फोन गुडघ्यावर आले. एक घसरून ओट्यावर पडला. त्याने उचलला नाही.

चौदा वेळा. चौदाही वेळा शेवटपर्यंत. बाबांच्या एका हातात आईचा हात, दुसऱ्या हातात फोन, आणि कानात बेल...

“त्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

आक्का उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत आत गेल्या आणि उत्तरेच्या खिडकीपाशी थांबल्या. चौकटीत एक खिळा होता. खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बटणांचा जुना फोन टांगलेला.

“याचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. याचा टॉवर नदीपल्याड. इथंच लागते, न् खिळ्यावरच. हातात घेतला की गेला. स्पीकरवर आवाज मोठा करून बोलतात सारे.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी बाबाले काय बोलला असता?”

तो आत येऊन खिळ्यासमोर उभा राहिला. नंबर दाबताना दोनदा चुकला. बहिणीचा, शरयूचा, नंबर त्याला पाठ नव्हता, स्वतःच्या फोनमध्ये बघून एकेक आकडा दाबावा लागला.

बेल वाजली. त्या रिकाम्या खोलीत ती फार मोठी वाटली. एक. दोन. तीन. चार.

“हॅलो, कोण?”

“शरयू, मी.”

“दादा! अरे, कधीची लावतेय मी. लवकर नेतायत त्यांना. स्ट्रेचरवर घेतलंय. देऊ का? अर्धंच मिनिट आहे.”

त्याने मागे पाहिलं. आक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, हात उचलला नाही.

“दे,” तो म्हणाला.

खरखर झाली. चाकं फरशीवरून गेल्याचा आवाज आला. मग श्वास.

“विशू... येतंय का ऐकू?”

त्याचा अंगठा वर आला होता. लाल बटणापासून बोटभर अंतरावर होता. दोन वर्षांची सवय होती ती.

त्याने हात खाली घेतला. दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या पोरासारखे.

“येतंय, बाबा. स्पष्ट येतंय. सकाळीही येत होतं.”

पलीकडे काही नाही.

“आणि बाबा... त्या दिवशी रेंज होती. मी फोन पाहिला होता. तुमचं नाव पाहिलं होतं. उचलला नाही.”

पलीकडे काही नाही.

छोट्या पडद्यावर सेकंद पळत होते. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. आवाज मेला तरी हे आकडे चालूच राहतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आता बाबा गप्प होते की लाइन गेली होती, हे ओळखण्याचं कुठलंही यंत्र त्याच्याजवळ नव्हतं.

“बाबा? हॅलो... बाबा, हॅलो...”

अठ्ठावन्न. एकोणसाठ.

“दादा, नेलं रे त्यांना आत.” शरयूचा आवाज भिजलेला होता. “दार लागलं.”

“त्यांनी ऐकलं का? मी बोललो ते?”

“काय बोललास? मी स्ट्रेचरच्या मागे होते. नर्सनं त्यांच्या कानाशी फोन धरला होता. डोळे मिटलेले होते त्यांचे. झोपेचं औषध आधीच दिलं होतं ना.”

“काही म्हणाले?”

“नाही. ओठ हलले मला वाटतं... नाही सांगता येत, दादा. तीन-चार तास लागतील म्हणालेत. मी तुला...”

मधेच आवाज गेला. आकडे थांबले.

विश्वजितने पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. खिळ्यावरची पिशवी वाऱ्याने हलत होती. त्याने ती बोटांनी धरून स्थिर केली आणि पुन्हा लावला.

मग तो भिंतीला टेकून खाली बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

“ऐकलं असेल का त्यांनी, आक्का?”

 आक्कांनी तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. या वेळी तो गटागटा प्यायला.

“नर्सला विचारता येईल,” तो म्हणाला. “ती फोनजवळ होती. नाहीतर शुद्धीवर आल्यावर त्यांनाच विचारतो. तीन-चार तासांनी. फोन इथेच लागतो, म्हणजे मला इथेच थांबलं पाहिजे. खिडकीपाशी बसून राहतो. चालेल ना?”

आक्कांनी उघड्या दारातून बाहेर, उताराकडे पाहिलं.

“नागपूर किती दूर आहे?”

“सहा तास. घाटात रस्ता खराब आहे... सात.”

“गाडीत पेट्रोल आहे ना?”