जळणावरचा फ्लेक्स

“सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर नाव काढतील तिचं. मग काय करायचं, आक्का?”

“काढू द्या.”

“काढू द्या काय? मेडिकलची सीट आहे ती!”

आक्का तांदूळ निवडत होत्या. एक खडा सापडला, तो त्यांनी अंगणात भिरकावला.

विचारणारे होते खडतकर सर. तालुक्याला त्यांचं प्रवेश मार्गदर्शन केंद्र आहे. दहावी-बारावीच्या पोरांनी कुठं जायचं, काय व्हायचं, हे सर ठरवतात. पोरं सोडून सगळ्यांना ते पटतं. मोठा माणूस. म्हणजे फ्लेक्सवर तरी मोठाच.

आक्का टेकडीवरच्या मठातल्या. संत वगैरे काही नाही. चहात साखर जास्त पडली तर दिवसभर बोलून दाखवतात. पण नको ते गोड बोलत नाहीत. वडीलधाऱ्यांत एवढं सापडलं तरी पुष्कळ झालं.

सर टेकडी चढून दमले होते. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. सरांनी तो घटाघटा रिकामा केला, हात तसाच लांब करून परत दिला.

“सोनल ढगे. आमची विद्यार्थिनी,” सर म्हणाले. “गेल्या वर्षी मी तिला मेडिकलला लावली. अर्ध्यातून पळून आली. बापानं घरात घेतलं नाही, तर इथं येऊन बसली. तुमचं ऐकते म्हणे. तुम्ही फक्त ‘जा’ म्हणा.”

“मी कधी कुणाला ‘ये’ म्हटलं नाही, मास्तर. ‘जा’ कशी म्हणू?”

“सर म्हणतात मला सगळे.”

“बरं, मास्तर.”

चुलीजवळच्या बाया हसल्या.

सरांनी घसा साफ केला. “हे बघा आक्का, लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“मग एवढ्या दिवसांत आला नाहीत ते?”

“आता नव्या प्रवेशाचे दिवस आहेत ना. रोज पालक येतात. पहिलं तेच विचारतात, ढगेची पोरगी परत का आली? काय सांगू मी?”

“हां...” आक्का म्हणाल्या. “म्हणजे कुणाच्या आयुष्याचा प्रश्न आहे ते कळलं.”

सर इकडंतिकडं बघू लागले. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडं गेली आणि चेहरा उजळला.

भिंतीला लागून जळणाचा ढीग होता. पावसानं भिजू नये म्हणून वर फ्लेक्स टाकलेला, कडांना दगड ठेवलेले. फ्लेक्स सरांचाच होता. गेल्या वर्षी निकालानंतर चौकात लागलेला. उतरवला की कुणी गोठ्याला बांधतं, कुणी कडब्यावर टाकतं. हा मठात आला होता.

एका कोपऱ्यात सर हात जोडून उभे. मधोमध सोनल. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. दोन्ही स्टुडिओवाल्यानं चिकटवलेले. खाली लिहिलेलं : ‘आमच्या मार्गदर्शनाचा विजय’.

“हे बघा!” सर उठून ढिगापाशी गेले. “सगळ्यांत मोठा फोटो तिचाच लावला होता. बापानं चौकात पेढे वाटले. आणखी काय द्यायचं पोरीला?”

आक्काही उठल्या. फोटोकडं वाकून बघितलं.

“ही सोनल?”

“हीच.”

“नक्की?”

“आक्का, दोन वर्षं माझ्यासमोर बसली ती! बारावीच्या आधीपासून मी तिला हाताला धरून नेलंय.”

“मग आताही न्या. मी अडवत नाही. इथंच आहे ती.”

सर खूश झाले. मान वळवून त्यांनी अंगण बघितलं. चारपाच जणी होत्या. सगळ्यांच्या अंगावर मठातली काळपट लुगडी. एक चुलीत लाकूड सारत होती, दोघी शेंगा फोडत होत्या, एक झाडत होती, एक जवळच उभी होती.

सर शेंगा फोडणाऱ्यांकडं गेले. त्यातल्या गोऱ्या मुलीपाशी थांबले.

“चल बाळा, ऊठ. झालं गेलं विसरून जा.”

ती मुलगी तोंडावर पदर धरून हसायला लागली. “मी कुठं येऊ, काका? माझी तर चौथीत शाळा सुटली.”

सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत.

सर पुन्हा फ्लेक्सकडं आले. फोटो बघितला, मग अंगण बघितलं. परत फोटो बघितला. फोटोत सोनल गोरीपान होती. तीही स्टुडिओवाल्याचीच करामत.

“कुठंय ती? आत आहे का?”



“सर,” जवळच उभी होती ती म्हणाली. तिच्या हातात रिकामा तांब्या होता. “अजून पाणी आणू का?”

सावळी, गालफडं बसलेली. डोक्यावर बोट-बोट केस, तेही वेडेवाकडे. तिनंच कापले होते, होस्टेलवर असताना, कात्रीनं.

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

“अगं... किती बारीक झालीस. ओळखूच आली नाहीस. आल्या आल्या बोलायचं ना!”

“बोलले होते, सर.”

“कधी?”

“तुमच्या ऑफिसात. कॉलेजांचा फॉर्म भरताना. मला हे नको, मला जमणार नाही, असं म्हणाले होते.” ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. “तुम्ही पप्पांना म्हणालात, पोरीला भूक लागलेली दिसते, खाली समोसे चांगले मिळतात.”

सरांनी रुमाल काढून मान पुसली. आता एखादा माणूस म्हणाला असता, चुकलं माझं. पण सर म्हणवून घ्यायची सवय झाली की ते शब्द घशातच अडकतात.

“ते जाऊ दे आता,” सर म्हणाले. “जुनं उकरून काय मिळणार? आक्का, गाडी खाली उभी आहे. संध्याकाळच्या आत निघालं तर सोमवारी तिथं पोचू.”

“तिला विचारा.”

“तिला काय विचारायचं? या वयात काय कळतं पोरांना?”

सोनलनं तांब्या छातीशी घट्ट धरला. आक्कांकडं बघितलं. इतके दिवस ज्या भिंतीच्या आडोशाला होतो, ती भिंत राहते की सरकते, असं बघावं तसं.



आक्का ढिगापाशी गेल्या. फ्लेक्सच्या कडेवरचा एक दगड उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. मग सगळे. फ्लेक्स ओढून काढला, झटकला. त्यावरची माती सरांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. आक्कांनी त्याची नीट घडी घातली, सोनलचा फोटो वर येईल अशी.

आभाळ भरून आलं होतं. उघड्या लाकडांवर दोन थेंब पडले.

“आक्का, हे काय? जळण भिजेल ना तुमचं.”

“भिजू दे.”

त्यांनी ती घडी सरांच्या दोन्ही हातांवर ठेवली.

“ही घेऊन जा, मास्तर. हिला कुठंही पाठवा... ही परत यायची नाही.”