उलटा बसलेला पट्टा

माळावरच्या एका गावात केरबा पांचाळ नावाचे जुने कारागीर राहत. मुलगा सैन्यात होता. त्यामुळे घरालगतचा लहानसा कारखाना केरबा आणि त्यांची सून शेवंता असे दोघं मिळून चालवत. तिथं लोखंड कापायचा बँडसॉ होता. त्याच्या दोन चाकांवरून पोलादाचा दातेरी पट्टा फिरे आणि जाड सळईसुद्धा सरळ कापली जाई. तो पट्टा बसवायचं काम केरबा दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

अलीकडे त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. ते कोणाला सांगत नव्हते. शेवंताला कळत होतं, पण विचारायचा तिला धीर होत नव्हता.

एके दिवशी गावच्या पाण्याच्या पंपाचा दांडा मोडला. टाक्या कोरड्या पडल्या. गावकरी मोडका दांडा घेऊन कारखान्यात आले आणि नवा होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

केरबांनी नवा पट्टा चढवला, ताण दिला आणि मशीन सुरू केलं. पट्टा फिरू लागला, पण लोखंडात शिरेना. नुसता घासत राहिला. धूर निघाला.

"अण्णा, आणखी जोर लावा की!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

केरबा जोर लावणार, इतक्यात शेवंताला दिसलं. दातांची तोंडं मागं होती. पट्टा उलटा बसला होता. तिनं पटकन बटण बंद केलं. काय चुकलं ते ती लोकांसमोर बोलली नाही. सासऱ्यांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मामंजी, दातांवरून एकदा बोट फिरवून बघता?"

केरबांनी बोट फिरवलं. त्यांचा हात तिथंच थांबला. चेहरा उतरला. मशीन बिघडलंय म्हटलं असतं, तरी कोणाला कळलं नसतं. पण ते गावकऱ्यांकडे वळले.

"पट्टा मीच उलटा बसवला," ते म्हणाले. "मला आता धड दिसत नाही. मशीनचा काही दोष नाही."

शेवंताचे डोळे भरून आले.

"मामंजी, बघायचं काम आजपासून माझं," ती म्हणाली. "पण ताण किती द्यायचा ते तुम्हीच सांगा. ते मला अजून जमत नाही."

तिनं पट्टा काढला, उलटून सुलटा केला आणि चाकांवरचा लोखंडाचा कीस ब्रशानं झाडून पुन्हा चढवला. केरबांनी बोटानं पट्टा दाबून पाहिला. "अजून थोडा आवळ... बास. याच्यापुढं नको, तुटेल. आणि पट्टा नवा आहे, सुरुवातीला हलक्या हातानं चालव."

तिनं तसंच केलं. पट्टा लोखंडात शिरला. कीस वळून वळून खाली पडू लागला. मग लेथ या कातकामाच्या यंत्रावर दांडा घडला, पंपाला बसला, आणि दिवस मावळायच्या आत गावात पाणी आलं.

गावकऱ्यांनी पहिला तांब्या भरून केरबांना आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सुनेपुढे धरला.

"आधी तू पी, पोरी," ते म्हणाले.

तात्पर्य: आपली चूक कळली की ती आपणच मोकळेपणानं सांगावी, आणि दुसऱ्याची चूक दिसली, तर ती अशी दाखवावी की त्याला मान खाली घालावी लागू नये.